पवनेकाठाहून नाणेघाटाकडे

आषाढ लागला म्हणजे पिंपळे सौदागर येथील मनुष्यास डोंगर आठवू लागतो. एके काळी पवनेकाठचे हे शेतकऱ्यांचे खेडे होते. आज तेथे उंच इमारतींची दाटी आहे, आणि त्यांतील कितीतरी बिऱ्हाडे पिंपरी-चिंचवड, हिंजवडी व चाकण येथील कारखाने आणि कचेऱ्या यांच्या आश्रयाने आलेली आहेत. पवनेचे पाणी गढूळ झाले की रविवारची वाट पाहणे सुरू होते. बहुतेकांची दिशाही ठरलेली असते, ती लोणावळ्याची. त्या बाजूस इतकी गर्दी लोटते की पाण्यापेक्षा माणसांचाच ओघ मोठा दिसावा. आजच्या भाषणाचा विषय दुसऱ्या दिशेचा आहे. नाशिक रस्त्याने उत्तरेस सुमारे ९० किलोमीटर गेले असता जुन्नर हे मध्ययुगीन नगर लागते. त्याच्या पश्चिमेस जे डोंगर, ज्या वाटा आणि जे पाणी आहे, त्यांची ही हकीकत होय.

रस्ता प्रथमदर्शनी रुक्ष वाटतो. भोसरी, मोशी, चाकण येथपर्यंत मालमोटारींच्या रांगा आणि कारखान्यांच्या भिंती यांवाचून दुसरे काही दिसत नाही. परंतु पुलांची नावे वाचीत जाणाऱ्यास हाच रस्ता भूगोलाचा उत्तम धडा देतो. मोशीस इंद्रायणी, चाकणच्या पुढे भामा, राजगुरुनगरास भीमा, मंचर ओलांडल्यावर घोड, नारायणगावास मीना आणि जुन्नरास कुकडी. या सहाही नद्या सह्याद्रीच्या माथ्यावरून पूर्वेस उतरतात आणि शेवटी सर्वांचे पाणी भीमेचेच होते. घराशेजारची पवनाही त्याला अपवाद नाही. दापोडीपाशी ती मुळेस मिळते आणि मुळा-मुठेच्या नावाने भीमेस जाते. आषाढीस पंढरपुरी चंद्रभागेत स्नान करणारा वारकरी या सगळ्या डोंगरांचे पाणी एकदमच अंगावर घेत असतो. नकाशावर हे मुलांना शिकवावयास आठवडा लागतो. मोटारीच्या खिडकीतून दोन तासांत समजते.

जुन्नर शहर शिवनेरीच्या पायथ्याशी आहे. येथे १६३० साली शिवाजीमहाराजांचा जन्म झाला, हे कोणास सांगावयास नको. २०२५ साली जागतिक वारशाच्या यादीत मराठ्यांचे जे बारा किल्ले गेले, त्यांत शिवनेरी आहे, हेही आता सर्वांस ठाऊक आहे. गावाचा मोठेपणा मात्र त्याहून फार जुना आहे. भोवतालच्या डोंगरांत दोनशेच्या आसपास लेणी कोरलेली आहेत. शिवनेरीच्याच कड्यातील एका शिलालेखात इरिल नावाच्या यवनाने दोन पोढी, म्हणजे पाण्याची दोन खोदटाकी, दान केल्याचे लिहिले आहे. परदेशातून आलेला हा गृहस्थ. त्यास धर्म करावासा वाटला तेव्हा त्याने पाणी दिले. ज्या मुलखात चार महिने आभाळ फाटते आणि आठ महिने घागर रिकामी राहते, त्या मुलखाचे वर्म त्याने बरोबर ओळखले होते.

पुढे बहामनी राज्यात हे शहर नांदते होते. मलिक अहमदाने १४९० साली स्वतंत्र निजामशाही उभारली ती प्रथम येथूनच. चार वर्षांनी त्याने अहमदनगर, म्हणजे आताचे अहिल्यानगर, वसविण्यास घेतले आणि राजधानी तिकडे गेली. गावाबाहेर हापूसबागेच्या बाजूस एक देखणा घुमट आहे. त्यास सौदागर घुमट म्हणतात. पिंपळे सौदागरच्या माणसास आपल्या गावच्या नावातला शब्द इतक्या दूर दगडी घुमटावर भेटावा, ही गंमतच होय. दोहोंचा काही संबंध जोडण्याचे मात्र कारण नाही. सौदागर म्हणजे व्यापारी, आणि व्यापाऱ्यांचा तोटा या वाटेवर कधीच नव्हता.

असाच एक व्यापारी १४७० च्या सुमारास येथे आला. त्याचे नाव अफानासी निकितीन, राहणारा रशियातील त्वेर शहराचा. चौल बंदरास उतरून तो पालीच्या वाटेने घाट चढला. बरोबर एक घोडा होता; तो विकून नफा करावा हा बेत. जुन्नरास पोहोचला आणि पावसात अडकला. त्याच्या प्रवासवृत्तात, ‘तीन समुद्रांपलीकडचा प्रवास’ या नावाच्या ग्रंथात, या मुक्कामाचे वर्णन आहे. चार महिने रात्रंदिवस जिकडे तिकडे पाणी आणि चिखल, असे तो लिहितो. बिचाऱ्याने या दिवसांस हिवाळा म्हटले आहे, कारण घरात कोंडून राहण्याचा काळ त्याच्या देशी हिवाळाच असे. या दिवसांत लोक नांगरतात आणि पेरतात, हे पाहून त्यास नवल वाटले. नगर खडकावर आहे, वाट इतकी अरुंद की दोघांस एकदम जाता येत नाही, असेही तो सांगतो. ते शिवनेरीस चांगले लागू पडते. येथील खानाने त्याचा घोडा हिरावून घेतला आणि धर्म बदलण्याची अट घातली. एका खोरासानी सरदाराने रदबदली केली म्हणून घोडाही सुटला आणि धर्मही. आज पावसाळी सहलीस येणाऱ्याने हा गृहस्थ अवश्य आठवावा. ज्या पावसाने त्यास कोंडले, तोच पाऊस पाहण्यासाठी आता लोक सुटी काढून येतात.

जुन्नरहून पश्चिमेस निघालेली सडक कुकडीच्या खोऱ्यातून चढत जाते. हे कुकडनेर, दक्षिणेचे मीनेचे खोरे ते मीननेर. माणिकडोहचा जलाशय एका अंगास राहतो. मग चावंडचा किल्ला दिसतो; त्याच्या पायऱ्या १८१८ नंतर इंग्रजांनी सुरुंगांनी उडविल्या, तरी माथ्यावरची सात टाकी शाबूत आहेत. पूर गावी कुकडीच्या उगमापाशी कुकडेश्वराचे कोरीव दगडी मंदिर आहे. बहुतेक मोटारी येथे न थांबता पुढे धावतात, ही मोठी चूक होय. नदी केवढीशी असते आणि पुढे केवढी होते, हे ज्यास पाहावयाचे असेल त्याने येथे अर्धा तास द्यावा. जुन्नरास पाऊस बेताचा. येथून घाटमाथ्यापर्यंत दर कोसाला तो वाढत जातो, आणि माथ्यावर कित्येक पटींनी पडतो. शेतेही त्याप्रमाणे पालटतात. बाजरी मागे राहते, भाताची खाचरे सुरू होतात, डोंगरउतारावर नाचणी व वरई दिसू लागते. इरली पांघरून आवणी करणाऱ्या महादेव कोळ्यांच्या रांगा दिसतात. पाऊस सरला म्हणजे याच उतारांवर सोनकी पिवळी होते. हिरड्याचे फळ गोळा करून विकणे हा या लोकांचा जुना आधार आहे.

घाटघर ओलांडले की जमीन एकाएकी संपते. डावीकडे जीवधन, त्याला लागून वानरलिंगीचा तीनशे फुटांहून उंच सुळका, समोर नानाचा अंगठा, आणि त्याखाली कोकण. कड्यातील चिंचोळ्या खिंडीतून दगडी वाट खाली वैशाखऱ्याकडे उतरते. हाच नाणेघाट. कल्याण, सोपारा या बंदरांवरचा माल दोन हजार वर्षांपूर्वी याच वाटेने जुन्नरास व पैठणास जात असे. खिंडीच्या तोंडाशी एक दगडी रांजण आहे. त्यात जकातीची नाणी पडत, असे सांगतात. थोडे खाली लेणे आहे. त्याच्या भिंतींवर सातवाहनांची राणी नागनिका हिचा ब्राह्मी लिपीतील लेख आहे. कोणकोणते यज्ञ केले आणि त्यांत किती गाई, किती घोडे, किती नाणी दक्षिणा दिली, याचा तो हिशेबच म्हणावा. त्यातील आकडे हे भारतीय अंकांच्या अगदी जुन्या नमुन्यांपैकी होत. मागच्या भिंतीवर राजघराण्याच्या मूर्ती होत्या. आता वर नावे आणि खाली पावलांपुरते अवशेष उरले आहेत. अशा भिंतीस टेकून ओले कपडे पिळणारी मंडळी पाहिली म्हणजे राग येतो. हा राग लेणे पाहावयास येणाऱ्या प्रत्येकास यावा.

या कड्यावर पावसाळ्यात उलटा धबधबा दिसतो. पाण्याची धार खाली पडण्याऐवजी वर उडते आणि पाहणाऱ्यास भिजविते. यात चमत्कार काही नाही. नैऋत्येचा वारा समुद्रावरून येतो, सरळ उभ्या कड्यावर आदळतो आणि दुसरी वाट नसल्यामुळे वर चढतो. बारीक धारेचे तुषार तो आपल्याबरोबर माथ्यावर परत आणतो. वारा क्षणभर पडला की धार मुकाट्याने खाली जाते. येथेच पाण्याची वाटणीही होते. कड्याबाहेर गेलेला थेंब काळू नदीतून उल्हासेस व अरबी समुद्रास मिळतो. वाऱ्याने परत फेकलेला थेंब कुकडीतून भीमेस, भीमेतून कृष्णेस आणि शेवटी बंगालच्या उपसागरास जातो. दोघांत अंतर हातभराचे!

आता अप्रिय भाग. ३० जून २०२४ रोजी लोणावळ्याच्या भुशी धरणाजवळच्या ओढ्यात एकाच कुटुंबातील पाच माणसे वाहून गेली. १५ जून २०२५ रोजी कुंडमळा येथे इंद्रायणीवरील जुना लोखंडी पूल माणसांच्या भाराने कोसळून चौघे दगावले. दोन्ही ठिकाणे पिंपळे सौदागरहून तास-दीड तासाच्या आत आहेत. भुशीजवळची मंडळी खोल पाण्यात शिरली नव्हती. ती खडकावर उभी होती आणि पाणी त्यांच्याभोवती वाढले. डोंगरी ओढ्याचा स्वभावच असा आहे. सह्याद्रीचा काळा खडक पाणी फारसे पीत नाही. वर पठारावर सर कोसळली की ते पाणी थरांच्या पायऱ्यांवरून थोड्याच वेळात खाली येते, मग खाली ऊन का पडलेले असेना. निवळ पाणी गढूळ होणे, त्यात पाला-काटक्या वाहत येणे, आवाजात घरघर भरणे, या खुणा दिसताच प्रवाशाने वस्तू, पादत्राणे, सारे सोडून ज्या बाजूने आला त्याच काठावर परत फिरावे. पलीकडच्या काठाचा मोह धरू नये. नाणेघाटाच्या कड्यावर तर वाऱ्याचेही भय आहे; जो वारा धार उलटवितो, तो माणसाचा तोल सांभाळीत बसत नाही. पावसाळ्यात जिल्हाधिकारी अशा जागी मनाईहुकूम काढतात, तेव्हा पुष्कळांस तो जुलूम वाटतो. पण हा डोंगर स्वतःही ढासळतो. याच डोंगररांगेत आंबेगाव तालुक्यातील माळीण हे गाव ३० जुलै २०१४ च्या सकाळी दरडीखाली गेले आणि दीडशेहून अधिक माणसे दगावली. ती तर सहलीस आलेली नव्हती. आपापल्या घरात होती.

दुसरी गोष्ट खाचरांची. शहरातील मनुष्यास भाताचा बांध ही पायवाट वाटते. वास्तविक तो बांध पाणी अडवून धरतो. चिखलात पन्नास माणसे त्यावरून गेली की तो खचतो, पाणी निघून जाते आणि नुकतीच लावलेली रोपे उघडी पडतात. त्याची भरपाई कोणी कोणास देत नाही. बाटल्या आणि काचा तर भर आवणीत अनवाणी पायांस लागतात.

यासाठी घाटघरास पोहोचलेल्याने प्रथम गावात थांबावे, कोणाच्या तरी ओसरीवर चहा सांगावा, दाम द्यावा आणि वाट विचारावी. विचारले की तेथील म्हातारा मनुष्य लगेच उत्तर देत नाही. तो उठून अंगणात जातो, जीवधनाच्या माथ्याकडे पाहतो, ओढ्याच्या दिशेस कान देतो आणि म्हणतो, “दादा, आज लेण्यापत्तुर जा. खाली उतरू नगा. पोरास्नी घेऊन दिवाळीनंतर या, मग मी सोता दाखवतो.”