वर्गातील मुके सोबती
(हीरक महोत्सवी मेळाव्यातील भाषण)



साठ वर्षांचा आढावा घेताना निकाल, पारितोषिके, इमारती यांची नोंद होते. त्या नोंदीत न येणारा एक प्रसंग तिसरीच्या वर्गात, खिडकीजवळच्या काचेच्या टाकीभोवती घडला.

मुलांच्या हाती सजीवाची जबाबदारी सोपवावी, हा विचार नवा नाही. मारिया माँटेसरी यांनी वनस्पती व प्राणी यांच्या संगोपनाला बालशिक्षणात स्थान दिले. भावनगरला गिजुभाई बधेकांसोबत काम केलेल्या ताराबाई मोडकांनी पुढे बोर्डी व कोसबाड येथे पाने, बिया, माती यांनाच शिक्षणाची साधने केले.

तिसरीच्या मुलांनी वर्गात एखादा प्राणी पाळण्याचा हट्ट धरला, तेव्हा बाईंनी फळ्यावर चार प्रश्न लिहिले: तो काय खातो? त्याला वर्गातला गोंगाट सोसेल का? सुट्टीत त्याला कोण पाहील? त्याला पाळणे योग्य आहे का?

पहिली मागणी पोपटाची होती. 1972च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार आपल्याकडचा रानातला पोपट पकडणे, विकणे वा पिंजऱ्यात ठेवणे गुन्हा आहे, हे कळताच ती मागे पडली. पाठीवर चांदण्यांची नक्षी असलेले कासवही त्याच कारणाने गळाले. सशाला उन्हाळा सोसत नाही आणि मे महिन्यात वर्ग बंद असतो. शेवटी गप्पी मासे ठरले.

नळाचे पाणी क्लोरीन उडून जाण्यासाठी दिवसभर उघडे ठेवण्यात आले. टाकीत पाणवनस्पती लावली. कामाच्या पाळ्यांचा तक्ता भिंतीवर लागला. घरी कन्नड, हिंदी वा गुजराती कानावर पडणारी मुले टाकीशी उभी राहून ‘शेपटी’, ‘कल्ले’, ‘खवले’ हे शब्द आपसूक बोलू लागली.

दुसऱ्याच आठवड्यात पाणी गढूळ झाले आणि तीन मासे मेले. तक्ता कोणीच मोडला नव्हता. पण मधल्या सुट्टीत जो तो प्रेमाने चिमूटभर खाणे टाकून जात होता. उरलेले अन्न कुजले आणि पाणी नासले. एका मुलीने रडत रडत आपण रोज दोनदा खाणे टाकल्याचे सांगितले. मग एकेक हात वर होत गेला. निम्म्याहून अधिक वर्गाचे हात वर होते.

बाई रागावल्या नाहीत. मासे कुंडीतल्या मातीत पुरले गेले. मुलांनीच नियम केला: दोन मिनिटांत संपेल इतकेच खाणे, तेही पाळी असलेल्यानेच, दर आठवड्याला पाव टाकी पाणी बदलायचे, सगळे कधीच नाही. प्रेम असले तरी मोजमाप लागते, हे आठ वर्षांच्या मुलांना त्या दिवशी उमगले.

काही आठवड्यांनी टाकीत इवलीशी पिल्ले दिसली. गप्पी अंडी घालत नाही, पिल्लांना जन्म देते. आणि मोठे मासे ती पिल्ले खाऊनही टाकतात. मुलांनी पाणवनस्पती दाट केली, तेव्हा काही वाचली.

वर्षाअखेर मासे तळ्यात सोडण्याची सूचना आली. परंतु गप्पी मूळचा दक्षिण अमेरिकेकडचा; इथल्या तळ्यात तो स्थानिक माशांच्या मुळावर येऊ शकतो. म्हणून टाकी, तक्ता आणि नियमांची वही नव्या तिसरीच्या हाती देण्यात आली. वहीच्या पहिल्या पानावर त्या तीन माशांची नोंद आहे. ती मुलांनी खोडली नाही. पुढच्यांनी वाचावी म्हणून राखली.

पालकहो, घरी एखादे मूल प्राण्यासाठी हट्ट धरील, तेव्हा होकार वा नकार देण्याआधी ते चार प्रश्न त्याच्यासमोर ठेवावेत. उत्तरे शोधण्याचे काम मात्र त्याचेच असू द्यावे.