खिडकी उघडी ठेवता यावी म्हणून

(भाईंदर येथील महिला मेळाव्यात केलेले भाषण)

माझं माहेर अमरावतीचं. उन्हाळ्यात आई सकाळी नऊलाच खिडक्या-दारं लावून घ्यायची आणि दिवस मावळला की सताड उघडायची. मातीच्या जाड भिंती रात्रीच्या हवेने निवायच्या. एका खिडकीला वाळ्याची ताटी; तिच्यावर पाणी मारलं की कोरडी झळ गार होऊन आत यायची.

लग्नानंतर भाईंदरला तीच युक्ती केली, तर घराची भट्टी झाली! इथली हवा दमट. पाण्याने ती फारशी गार होत नाही, घामही वाळत नाही. वारा अंगावरून वाहिला तरच बरं वाटतं. उन्हाळ्यात दुपारी तो समुद्राकडून, पश्चिमेकडून येतो. पण त्याला आत यायला एक खिडकी आणि बाहेर पडायला समोर दुसरी वाट लागते. गरम हवा वर चढते, म्हणून छताजवळ झरोकाही हवा.

आता आपली घरं पाहा. कित्येकींच्या स्वयंपाकघराची खिडकी डक्टमध्ये उघडते, नाहीतर शेजारच्या इमारतीच्या भिंतीसमोर. घरातली सर्वांत तापणारी जागा ती, आणि तिथे सर्वांत जास्त वेळ उभी राहते बाई. नकाशा काढताना तिला कुणी विचारलं?

बरं, जिथे आरपार वारा आहे तिथे तरी खिडकी उघडी असते का? तळमजल्यावरची बाई रात्री खिडकी लावून घेते, कारण बाहेर टोळकं बसलेलं असतं. दार उघडं ठेवलं तर ‘लोक बघतात’. पुरुष गच्चीवर झोपायला जातात, आपण आत उकडत राहतो. याला केवळ हवामान कसं म्हणायचं?

1994 साली ‘सेवा’तून उभ्या राहिलेल्या महिला हाउसिंग ट्रस्टने अहमदाबादच्या वस्त्यांमधल्या बायकांबरोबर छपरं पांढरी करण्याचं काम केलं. पांढऱ्या छपरावरून ऊन परततं, खालची खोली कमी तापते. आपणही सोसायटीकडे मागू या: गच्चीला पांढरा रंग, बुजवलेले झरोके मोकळे, दारापुढे कडीचं जाळीदार दार, आवारात दिवे आणि गच्चीची किल्ली बायकांच्याही हाती.

पुढच्या सभेला नवऱ्याला पाठवू नका. स्वतः जा, आणि शेजारणीलाही घेऊन जा.