शिंगराचे जावळ

पाबळला येणारा माणूस मस्तानीच्या समाधीपाशी थांबतो, तिथून त्याचे मन बाजीरावांकडे आणि त्यांच्या घोडदळाकडे जाते. त्या काळी ज्या तट्टांनी मराठ्यांची नावे दूरवर नेली, ती तट्टे या भीमेच्या खोऱ्यातली. राजा बढे यांच्या गीतातून भीमथडीचे तट्टू घरोघर पोहोचले. प्रत्यक्षात ते टिकले धनगरांच्या वाड्यांवर, बिऱ्हाड पाठीवर वाहत. करनालच्या राष्ट्रीय पशु आनुवंशिक संसाधन ब्यूरोने आता भीमथडीला स्वतंत्र जात म्हणून नोंदले आहे. जात नोंदली गेली, म्हणजे आज ना उद्या एकेका जनावराची नोंद होणार, आणि त्या नोंदीत रंगाचा रकाना असणार. हा रकाना शिंगराच्या जन्मीच्या केसांवरून कायमचा भरू नये, एवढेच मला मांडायचे आहे.

पोराचे जसे जावळ, तसेच शिंगराचे. घोडी व्याली की जे मऊ, फिकट केस दिसतात ते तीन-चार महिन्यांत झडू लागतात, बहुधा आधी डोळ्यांभोवती आणि तोंडावर. कुमाईत, म्हणजे तांबूस-तपकिरी अंगाच्या, शिंगराचे पाय जन्मतः मातकट असतात. कुमाइताची खूण असलेले काळे पाय जावळ झडल्यावरच उघडे होतात. पुढे मुश्की, म्हणजे काळे, होणारे पुष्कळदा राखी जन्मते. या दोघांचा घोळ वर्षभरात मिटतो. सब्ज्याचा, म्हणजे वयाबरोबर पांढऱ्या होत जाणाऱ्या घोड्याचा, मात्र वर्षानुवर्षे चालतो. सब्जा कुमाईत, सुरंग (तांबडा) किंवा मुश्की म्हणून जन्मतो, आणि मग दर झडीला त्याच्या अंगात पांढरे केस वाढत जातात. ऐन उमेदीत तो राखी असतो, अंगावर गोल ठिपक्यांची नक्षी असते. सहा-आठ वर्षांत बहुतेक सब्जे जवळजवळ पांढरे होतात. कातडी बहुधा शेवटपर्यंत काळीच राहते. याचे कारण २००८ साली सापडले: एका जनुकातला सुमारे ४,६०० अक्षरांचा तुकडा दुप्पट झालेला असतो. आई किंवा बाप यांपैकी एकाकडून तो आला तरी पुरे. म्हणून सब्ज्याच्या आईबापांत एक तरी सब्जा असतोच. हे पांढरेपण निव्वळ शोभेचेही नाही. म्हाताऱ्या सब्ज्यांच्या शेपटीखाली काळ्या गाठी फार मोठ्या प्रमाणात आढळतात. रंग ठाऊक असला तर त्या गाठींवर लक्ष ठेवता येते.

यावर कोणी म्हणेल, मुरलेल्या माणसाला शिंगरू पाहताच कळते. खरे आहे, पण त्याला कळते ते अंगावरच्या केसांच्या रंगावरून नव्हे. पापण्यांतले पांढरे केस, नाकपुडीची कातडी, आणि आईबाप कोणत्या रंगाचे, हे तो पाहतो. म्हणजे त्याचा अनुभव माझ्याच बाजूचा आहे. दुसरा आक्षेप असा की रंग चाऱ्याने आणि उन्हाने बदलतो. छटा बदलते, यात वाद नाही: उन्हात मुश्की तांबूस पडतो, थंडीत केस दाट होतात. पण उन्हाने कुमाइताचा सब्जा होत नाही, आणि नुकरा तर चाऱ्याने मुळीच घडत नाही. तो पांढऱ्या केसांखाली गुलाबी कातडी घेऊनच जन्मतो. सब्जा आणि नुकरा यांतला फरक कातडीच सांगते, आणि घोड्यांच्या बाजारात रंगाला किंमत असते, तेव्हा हा फरक पैशांचाही असतो.

नोंदीचा प्रश्न नवा नाही. अलाउद्दीन खिलजीने घोड्यांना डाग देण्याची पद्धत लावली, अकबराने ती पुन्हा आणली. घोड्याचे वर्णनही दप्तरात लिहिले जाई. हेतू एवढाच, की हजेरीला दाखवलेले जनावर तेच असावे. पण तीन वर्षांच्या सब्ज्याचे लिहिलेले वर्णन तो दहा वर्षांचा झाल्यावर जुळणे अवघड. डाग जुळतो, भोवरा जुळतो. पंचकल्याणीचे पांढरे पायसुद्धा सब्जा पांढरा झाला की दिसेनासे होतात, पण पाय ओले केले की खालची गुलाबी कातडी उघड होते. म्हणून भीमथडीची नोंद करणाऱ्यांना आणि वाड्यावरच्या मालकांना माझी विनंती आहे: जन्माला भोवरे, कातडी आणि आईबापांचे रंग लिहा, केसांचा रंग जावळ झडल्यावर एकदा लिहा, आणि आईबापांपैकी कोणी सब्जा असेल, तर आठव्या वर्षी पुन्हा एकदा.