पायाच्या मुंग्या आणि ताटातली भाकरी

छत्रपती संभाजीनगरच्या अनेक घरांत एक तक्रार ऐकू येते : “पायाला मुंग्या येतात, चप्पल कधी निसटली कळतच नाही.” कुणी वयाला दोष देतं, कुणी साखरेला, कुणी तेल चोळून घेतं. यामागे जीवनसत्त्वाची कमतरताही असू शकते, हे सहसा कुणाच्या ध्यानात येत नाही.

अशी कमतरता आपल्याकडे नवी नाही. मराठवाडा १९५६ पर्यंत हैदराबाद राज्यात होता. याच दख्खनच्या पठारावर केवळ ज्वारीवर दिवस काढणाऱ्या गरिबांमध्ये ‘पेलाग्रा’ दिसत असे. उन्हात उघडी राहणारी कातडी काळवंडे, जुलाब लागत, मन उदास होई आणि दुखणं वाढलं की भ्रमही होई. हा रोग नायासिन, म्हणजे ब-३ जीवनसत्त्व, कमी पडल्यानं होतो. कोडं असं की ज्वारीत नायासिन तांदळापेक्षा कमी नसतं. १९६० मध्ये हैदराबादचे डॉ. सी. गोपालन आणि डॉ. श्रीकांतिया यांनी ज्वारीतल्या ल्युसिन या अमिनो आम्लाकडे बोट दाखवलं. त्यावर पुढे वाद झाले. उपाय मात्र घरातलाच होता. डाळ, दूध आणि नायासिननं भरलेले शेंगदाणे. भाकरीवर शेंगदाण्याची चटणी हवीच, ती यासाठीही.

आजची मोठी अडचण ब-१२ची.

विजेच्या तारेवर प्लास्टिक असतं, तसं आपल्या अनेक मज्जातंतूंवर मायलिनचं आवरण असतं. ते शाबूत ठेवायला ब-१२ लागतं. धान्य, डाळी, भाज्यांत ते जवळजवळ नसतंच; दूध, दही, अंडी, मासे, मटण यांतून मिळतं. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि सहकाऱ्यांनी ४४१ मध्यमवयीन पुरुष तपासले, तेव्हा ६७ टक्के जणांत ब-१२ कमी निघालं. खेडी आणि झोपडपट्टीपेक्षा शहरी मध्यमवर्गात हे प्रमाण जास्त, ८१ टक्के होतं. खाऊन-पिऊन सुखी असलेल्या घरालाही यातून सुटका नाही.

यकृतात साठा असल्यानं ही कमतरता वर्षानुवर्षं लपून राहते. मग तळपाय बधिर होतात, विसरभोळेपणा वाढतो, डोळे मिटून तोंड धुताना तोल जातो. मधुमेहासाठी बरीच वर्षं मेटफॉर्मिन घेणारे, पोटाचं ऑपरेशन झालेले आणि दूधही न घेणारे शाकाहारी यांना धोका अधिक.

औषधाच्या दुकानातून मनानं गोळ्या आणणं मात्र टाळावं. नुसतं फॉलिक अ‍ॅसिड घेतल्यास रक्त सुधारतं, पण ब-१२अभावी नसांची हानी आतून चालूच राहते. ब-६ जास्त मात्रेत दीर्घकाळ घेतलं, तर त्यानंच पाय बधिर होतात.

म्हणून मुंग्या आठवडाभर टिकल्या किंवा चालताना तोल जाऊ लागला, तर घाटी रुग्णालयात किंवा जवळच्या डॉक्टरांकडे जाऊन रक्त तपासून घ्या. आणि सुरू असलेल्या सगळ्या गोळ्यांची पाकिटं सोबत न्या.