चेन्नईतील एकट्या ज्येष्ठांची पावसाळ्यापूर्वीची तयारी

चेन्नईचा मोठा पाऊस जून-जुलैत नव्हे, तर ऑक्टोबर ते डिसेंबर या काळात ईशान्य मोसमी वाऱ्यांबरोबर येतो. शहरात वर्षभरात साधारण १,४०० मिलिमीटर पाऊस पडतो आणि त्याचा निम्म्याहून मोठा वाटा या तीन महिन्यांतला असतो. बंगालच्या उपसागरातली चक्रीवादळेही बहुधा याच दिवसांत किनाऱ्याकडे वळतात. शहर सपाट आणि समुद्रालगत असल्यामुळे अड्यार, कूवम आणि कोसस्तलैयार या नद्यांचे पाणी भरतीच्या वेळी सावकाश ओसरते. वेळच्चेरी आणि पळ्ळिकरणै यांसारख्या सखल भागांत ते कित्येक दिवस साचून राहते.

गेल्या काही वर्षांत या शहराने तीन वेगवेगळ्या आपत्ती पाहिल्या. १ डिसेंबर २०१५ रोजी तांबरम परिसरात २४ तासांत सुमारे ४९० मिलिमीटर पाऊस झाला. चेंबरंबाक्कम तलावाचा विसर्ग त्या रात्री २९,००० क्यूसेकपर्यंत वाढवावा लागला आणि अड्यारकाठच्या कोट्टूरपुरम, सैदापेट, जाफरखानपेट या वस्त्यांत लोक झोपेत असताना पाणी शिरले. १२ डिसेंबर २०१६ रोजी ‘वरदा’ चक्रीवादळ थेट चेन्नईवर आले. हजारो झाडे कोसळली आणि अनेक भागांत कित्येक दिवस वीज नव्हती. डिसेंबर २०२३ मध्ये ‘मिचाँग’ वादळ आंध्रच्या किनाऱ्याला धडकले, पण त्याआधीच त्याच्या पावसाने चेन्नईचे सखल भाग बुडाले. तिन्ही वेळा वीज, फोन, दूध आणि रस्ता या चार गोष्टी एकदमच बंद पडल्या.

अशा वेळी सर्वांत जास्त धोका एकट्या राहणाऱ्या ज्येष्ठांना असतो. २०११ च्या जनगणनेनुसार देशात साठीपुढचे लोक सुमारे १०.४ कोटी होते आणि त्यांचे प्रमाण जास्त असलेल्या राज्यांत तमिळनाडू वरच्या क्रमांकावर आहे. मुले परदेशी किंवा परगावी आणि घरात एकटे आई किंवा वडील, हे चित्र मैलापूर, अड्यार, अण्णानगर या भागांत सर्रास दिसते. जपानमध्ये मार्च २०११ च्या भूकंप व त्सुनामीत मरण पावलेल्यांपैकी सुमारे दोन तृतीयांश लोक साठीपुढचे होते. त्यानंतर तेथे मदतीची गरज असलेल्या व्यक्तींच्या याद्या आधीच तयार ठेवणे स्थानिक प्रशासनांना कायद्याने बंधनकारक झाले. ज्येष्ठांना हालचालीला वेळ लागतो, इशारा ऐकू येईलच असे नसते आणि संकटात निर्णय घ्यायला जवळ दुसरे कोणी नसते. म्हणून एकट्या व्यक्तीच्या तयारीत वस्तूंपेक्षा दोन गोष्टी महत्त्वाच्या ठरतात: दार वाजवायला येणारे माणूस आणि घर केव्हा सोडायचे याचा आधीच झालेला निर्णय. या दोन्ही गोष्टी सप्टेंबरमध्ये, ऊन असतानाच ठरवायच्या असतात.

पहिली तयारी माणसांची. प्रत्येक एकट्या ज्येष्ठाची तीन माणसे ठरलेली असावीत. एक त्याच इमारतीतले, शक्यतो वरच्या मजल्यावरचे. दुसरे चालत येता येईल अशा अंतरावरचे. आणि तिसरे दुसऱ्या शहरातले. पुरात पूल बंद होतात, त्यामुळे नदीपलीकडचा नातेवाईक पहिल्या फळीत धरू नये. इमारतीतल्या शेजाऱ्याकडे घराची एक किल्ली असावी. इशाऱ्याच्या दिवसांत सकाळी आणि रात्री ठरलेल्या वेळी त्याने विचारपूस करावी आणि उत्तर मिळाले नाही तर दार उघडून पाहावे, हे दोघांत स्पष्ट बोललेले असावे. तिसऱ्या माणसाचे काम निरोप सांभाळण्याचे. गावातले फोन कोलमडले तरी बाहेरगावी लघुसंदेश जाण्याची शक्यता असते. बोलणे होत नसेल तेव्हा ‘ठीक आहे’ एवढा संदेश पाठवावा, म्हणजे बॅटरीही वाचते. स्वयंपाकाच्या बाई किंवा मदतनीस यांच्यावर सगळा भार ठेवू नये. पुराच्या दिवशी त्यांचेही घर पाण्यात असू शकते.

शेजाऱ्यांबरोबरच सरकारी यंत्रणेलाही ज्येष्ठ व्यक्ती एकटी राहते हे ठाऊक असले पाहिजे. २००७ च्या पालक व ज्येष्ठ नागरिक कायद्याखालच्या नमुना नियमांत पोलीस ठाण्याने आपल्या हद्दीतल्या ज्येष्ठांची, विशेषतः एकट्या राहणाऱ्यांची, यादी ठेवण्याची तरतूद आहे. जवळच्या ठाण्यात आणि महापालिकेच्या विभाग कार्यालयात जाऊन नाव, पत्ता व मजला नोंदवावा. चालता येत नसेल किंवा प्राणवायूचे यंत्र लागत असेल, तर तेही लिहून द्यावे.

काही दूरध्वनी क्रमांक भिंतीवर मोठ्या अक्षरांत लावलेले असावेत. कोणत्याही तातडीच्या प्रसंगी ११२. रुग्णवाहिकेसाठी १०८. पाणी साचणे, झाड पडणे, निवारा केंद्राची माहिती यांसाठी चेन्नई महापालिकेचा १९१३. राज्याच्या आपत्ती नियंत्रण कक्षासाठी १०७०. ज्येष्ठांच्या राष्ट्रीय मदतवाहिनीचा क्रमांक १४५६७ आहे. ती सकाळी ८ ते रात्री ८ चालते, म्हणून रात्रीच्या संकटात ११२ च लावावा.

दुसरी तयारी घरातल्या साठ्याची. रोजच्या गोळ्या किमान दोन आठवड्यांच्या असाव्यात आणि चिठ्ठीची प्रत सोबत असावी. न उघडलेले इन्सुलिन २ ते ८ अंश सेल्सियसला ठेवायचे असते. उघडलेले बहुतेक प्रकारचे इन्सुलिन ३० अंशांपर्यंत साधारण चार आठवडे टिकते. वीज गेली तर ते ओल्या कापडात गुंडाळलेल्या मातीच्या मडक्यात, पाणी लागणार नाही अशा डबीत ठेवावे. थेट बर्फावर ठेवू नये. डायलिसिसवर असलेल्यांनी ऑक्टोबरमध्येच आपल्या केंद्राला विचारून ठेवावे की वादळाचा इशारा आला तर फेरी एक दिवस आधी घेता येईल का आणि ते केंद्र बंद पडले तर दुसरे कोणते. प्राणवायूच्या यंत्राला वीज लागते, म्हणून भरलेला सिलिंडर जवळ असावा. चष्म्याची दुसरी जोडी, श्रवणयंत्राचे सेल, कवळीची डबी आणि काठी एका ठिकाणी ठेवावी.

पिण्या-स्वयंपाकाला माणशी दिवसाला चार लिटर पाणी धरून निदान चार दिवसांचे पाणी झाकून ठेवावे. चेन्नईत बहुतेक घरांना जमिनीखालची टाकी असते. पुराचे आणि गटाराचे पाणी तिच्यात सहज उतरते आणि वीज नसेल तर पंपही चालत नाही. म्हणून इशारा येताच गच्चीवरची टाकी भरून घ्यावी. खाण्यासाठी पोहे, सातूचे पीठ, चणे-दाणे, खजूर, बिस्किटे आणि दुधाची भुकटी असे चुलीवाचून चालणारे पदार्थ असावेत. पूर आला की ‘आविन’ या सहकारी दूधसंस्थेच्या दुधाच्या पिशव्या लवकर मिळेनाशा होतात, हे २०१५ आणि २०२३ मध्ये दिसले आहे. मधुमेह, हृदयविकार किंवा मूत्रपिंडाचा आजार असणाऱ्यांनी मीठ, साखर आणि पाण्याचे प्रमाण डॉक्टरांना विचारून ठरवावे.

रोख पैसे लहान नोटांत असावेत. ‘वरदा’ आले तेव्हा नोटाबंदीला महिना झाला होता. त्यात वीज आणि नेटवर्क गेल्याने कार्डेही चालेनात आणि ज्यांच्याकडे सुटे नव्हते त्यांचे हाल झाले. टॉर्च, भरलेली पॉवर बँक आणि सेलवर चालणारा रेडिओ ठेवावा. २०१५ च्या पुरात कर्मचारी छापखान्यापर्यंत पोचू न शकल्याने ‘द हिंदू’ या दैनिकाची २ डिसेंबरची छापील आवृत्ती निघू शकली नव्हती. अशा दिवशी सेलवरचा रेडिओ चालू राहतो.

आधार कार्ड, शिधापत्रिका, बँकेचे पासबुक, निवृत्तिवेतनाचा आदेश आणि विम्याची कागदपत्रे प्लॅस्टिकच्या पाणीबंद पिशवीत घालून उंच फळीवर ठेवावीत. केंद्र सरकारच्या निवृत्तिवेतनधारकांना हयातीचा दाखला नोव्हेंबरमध्ये द्यावा लागतो आणि तोच चेन्नईच्या पावसाचा महिना. ऐंशी पूर्ण झालेल्यांना तो १ ऑक्टोबरपासून देता येतो. इतरांना ‘जीवन प्रमाण’ या डिजिटल हयातीच्या दाखल्याची चेहरा ओळखण्याची सोय घरबसल्या वापरता येते किंवा पोस्टमनला घरी बोलावता येते. पाण्यातून बँकेत जाण्याची वेळ येऊ देऊ नये. मराठी भाषक ज्येष्ठांनी खिशात एक कार्ड बाळगावे: नाव, पत्ता, रक्तगट, आजार, औषधे आणि तीन माणसांचे क्रमांक. ते तमिळ व इंग्रजीत असावे, कारण मदतीला येणारा तरुण बहुधा तमिळ बोलणारा असतो.

तिसरी तयारी इशारा ओळखून वेळीच निघण्याची. हवामान खात्याचा पिवळा इशारा म्हणजे लक्ष ठेवा, नारिंगी म्हणजे तयार राहा, लाल म्हणजे कृती करा. २४ तासांत २०४.४ मिलिमीटरपेक्षा जास्त पाऊस म्हणजे खात्याच्या भाषेत अतिप्रचंड पाऊस. धडधाकट माणूस लाल इशाऱ्यानंतर हलला तरी चालते. एकट्या ज्येष्ठाने नारिंगीलाच हलावे. तळमजल्यावर, अड्यारकाठी किंवा सखल वस्तीत राहणाऱ्याने त्याच दिवशी उजेडात वरच्या मजल्यावर किंवा नातेवाइकांकडे जावे. चेंबरंबाक्कममधून पाणी सोडण्याची घोषणा झाली की अड्यारकाठच्या लोकांनी पाण्याची वाट पाहत बसू नये. कोणाकडे जायचे हे आधी ठरलेले असले की ऐन वेळी संकोच आड येत नाही. समुद्राकाठच्या बेसंटनगर, तिरुवान्मियूर, पट्टिनपाक्कम भागांतल्या ज्येष्ठांनी त्सुनामीचाही विचार करावा. २६ डिसेंबर २००४ रोजी लाटा भूकंपानंतर अडीच तासांच्या आसपास पोचल्या होत्या. आता हैदराबादच्या केंद्रातून इशारा मिळतो. तो मिळताच शक्य तेवढे किनाऱ्यापासून दूर जावे. ते जमत नसेल तर पक्क्या इमारतीच्या वरच्या मजल्यावर जावे.

निघता येत नसेल तर घरातच शिस्त पाळावी. पाणी उंबऱ्याशी यायच्या आधी, हात-पाय कोरडे असताना मुख्य स्विच बंद करावा. गॅसचा रेग्युलेटर बंद करावा. इन्व्हर्टरची बॅटरी उंच ठेवून घ्यावी. लिफ्ट वापरू नये. ओल्या फरशीवर पडून खुबा मोडणे हा ज्येष्ठांना पुराइतकाच मोठा धोका आहे, म्हणून पायाला घट्ट बसणारी रबरी तळाची चप्पल घालावी आणि चटया काढून टाकाव्यात. वादळात खिडकीपासून दूर, आतल्या खोलीत बसावे. ‘वरदा’चा डोळा शहरावरून गेला तेव्हा वारा काही काळ थांबला आणि मग उलट दिशेने पुन्हा सुटला. त्या शांततेला फसून बाहेर पडू नये. रस्त्यावरच्या पाण्यात उतरू नये. उघडी गटारे आणि तुटलेल्या विजेच्या तारा त्यात दिसत नाहीत.

पाणी ओसरल्यावरही काळजी संपत नाही. वायरमनने तपासल्याशिवाय वीज सुरू करू नये. जमिनीखालची टाकी उपसून, घासून, ब्लीचिंग पावडर टाकून स्वच्छ करून घ्यावी आणि तोवर पाणी खळखळून उकळूनच प्यावे. ओल्या गाद्या आणि कपाटे ज्येष्ठांनी स्वतः ओढू नयेत. पुराच्या पाण्यात पाय गेलेले असतील आणि पुढच्या दोन-तीन आठवड्यांत ताप, अंगदुखी किंवा डोळे लाल होणे सुरू झाले, तर लेप्टोस्पायरोसिस असू शकतो. डॉक्टरांना पाण्यात गेल्याचे आवर्जून सांगावे. ‘मिचाँग’नंतर सरकारी मदतीचे ६,००० रुपये शिधावाटप दुकानांतून दिले गेले, म्हणून शिधापत्रिका हाताशी असावी आणि रांगेत उभे राहणे जमत नसेल तर दुकानात तसे आधी कळवावे. झोप उडणे, भूक मंदावणे, पाऊस सुरू होताच धडधडणे हे पुरानंतर अनेकांना होते. पंधरवड्यात कमी झाले नाही तर उपचार घ्यावेत. शेवटी, या वेळी काय कमी पडले, कोण आले आणि कोणाला येता आले नाही, हे जानेवारीतच लिहून ठेवावे आणि त्याप्रमाणे माणसांची व वस्तूंची यादी बदलावी.