विकत घेतलेला खेळ कोणाचा?

'विकत घेणें' या क्रियापदांत एक गोष्ट गृहीत असते : पैसे दिले, वस्तु हातीं आली, येथून पुढें ती घेणाराची झाली. ती त्यानें जपावी, शेजाऱ्याला द्यावी, अगर निम्म्या किमतीला विकून टाकावी. दुकानदाराला त्यांत बोलण्याचा अधिकार उरत नाहीं. भांडीं, पुस्तकें, ग्रामोफोनच्या तबकड्या यांच्या बाबतींत हें इतकें उघड आहे कीं त्याचा विचारहि कोणी करीत नाहीं. परंतु मुलांच्या आणि पुष्कळदां मोठ्यांच्याहि करमणुकीचा जो प्रकार आज शहरांतील घरोघर शिरला आहे, त्या व्हिडिओ गेमच्या बाबतींत या क्रियापदाचा अर्थ हळूहळू पालटत चालला आहे. एकेका खेळापायीं जेथें चार-पांच हजार रुपये खर्च होतात, त्या घरांना हा पालट ठाऊक असणें इष्ट आहे.

हे खेळ घरीं आणण्याच्या दोन रीति आहेत. दुकानांतून 12 सेंटिमीटर व्यासाची तबकडी किंवा बोटभर आकाराचें कार्ड आणावें, ही एक. आणि घरबसल्या पैसे भरून इंटरनेटवरून खेळ यंत्रांत उतरवून घ्यावा, म्हणजे डाउनलोड करावा, ही दुसरी. 2003 सालीं अमेरिकेंतील व्हॅल्व्ह कंपनीनें 'स्टीम' ही सेवा सुरू केली, तेव्हांपासून ही दुसरी रीत वाढत गेली. तिचे गुण नाकारणें अन्यायाचें होईल. तबकडीवर ओरखडे पडतात, ती हरवते. डाउनलोड केलेला खेळ यंत्र बिघडलें तरी बहुधा पुन्हां उतरवून घेतां येतो. सवलतीच्या दिवसांत तो पुष्कळ स्वस्तहि मिळतो. शिवाय तबकड्या छापण्याचें आणि पेट्या दुकानोदुकानीं पोंचविण्याचें भांडवल ज्या लहान निर्मात्यांजवळ नाहीं, त्यांचे खेळ जगभर गेले ते याच मार्गानें.

मात्र या सौद्यांत घेणाराच्या पदरीं बहुधा जें पडतें, तो खेळ नव्हे. तो खेळण्याचा परवाना होय, आणि तो त्याच्या नांवच्या खात्याशीं बांधलेला असतो. थोरला भाऊ नोकरीस लागला म्हणजे तबकड्यांची पेटी धाकट्याच्या हवालीं करूं शकतो. वसतिगृहांतील विद्यार्थी एक खेळ संपवून, तो विकून, वर थोडी भर घालून दुसरा आणूं शकतो. डाउनलोडच्या बाबतींत ही देवघेव सहसा साधत नाहीं. छापील पुस्तकापुरतें अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानें 1908 सालींच ठरविलें कीं, एकदां विकलेली प्रत पुढें काय किमतीस विकावी हें प्रकाशकास सांगतां येणार नाहीं. डाउनलोड केलेले खेळ पुन्हां विकण्याचा हक्क एका फ्रेंच ग्राहकसंस्थेनें मागितला, तो 2019 सालीं पॅरिसच्या न्यायालयानें मान्य केला. परंतु 2022 सालीं अपिलांत निकाल फिरला, आणि 2024 सालीं तेथील सर्वश्रेष्ठ न्यायालयानें तो फिरलेला निकालच कायम केला. अमेरिकेंतील कॅलिफोर्निया संस्थानानें निदान शब्दाचा प्रामाणिकपणा तरी राखला आहे. जो विक्रेता केवळ परवाना देतो, त्यानें तसें स्पष्ट सांगितल्याखेरीज 'खरेदी' हा शब्द वापरूं नये, असा कायदा तेथें 1 जानेवारी 2025 पासून अंमलांत आला.

मग तबकडी घेतली म्हणजे निश्चिंत झालें, असें म्हणावें तर तेंहि सर्वस्वीं खरें नाहीं. युबिसॉफ्ट या फ्रेंच कंपनीनें 2014 सालीं 'द क्रू' हा मोटारींच्या शर्यतींचा खेळ काढला. तो एकट्यानें खेळावयाचा असला तरी कंपनीच्या सर्व्हरशीं, म्हणजे दूरच्या मध्यवर्ती यंत्रांशीं, जोडणी लागे. 31 मार्च 2024 रोजीं तीं यंत्रें बंद करण्यांत आलीं, आणि कपाटांतील तबकडी शाबूत असूनहि खेळ संपला. यांतूनच 'स्टॉप किलिंग गेम्स' ही चळवळ उभी राहिली. विकलेले खेळ पुढेंहि चालतील अशा स्थितींत ठेवावे, या तिच्या मागणीच्या युरोपीय अर्जावर जुलै 2025 अखेर दहा लाखांहून अधिक सह्या झाल्या. निन्टेन्डो कंपनीनें 2025 सालीं 'स्विच 2' हें यंत्र आणलें. त्याच्या कांहीं खेळांच्या डबींत जें कार्ड मिळतें, त्यांत खेळ नसतो, नुसती किल्ली असते. खेळ इंटरनेटवरूनच उतरवावा लागतो. असें कार्ड दुसऱ्याला देतां येतें खरें, पण पलीकडचें कोठार उघडें असेल तोंवरच त्याचा उपयोग.

हा प्रश्न केवळ पैशाचा नाहीं. अमेरिकेंत 2010 पूर्वीं प्रसिद्ध झालेल्या खेळांपैकीं 87 टक्के खेळ बाजारांत नव्यानें विकत मिळेनासे झाले आहेत, असें 'व्हिडिओ गेम हिस्टरी फाउंडेशन' या संस्थेच्या 2023 सालच्या पाहणींत आढळलें. प्रकाशकानें टाकून दिलेलें पुस्तक जसें रद्दीच्या दुकानांतून एखाद्या रसिकाच्या हातीं येतें, तसे हे जुने खेळ टिकले ते लोकांनीं जपलेल्या तबकड्यांमुळें. जेथें तबकडीच निघाली नाहीं, तेथें जपावयाचें काय?

यास्तव पैसे देण्यापूर्वीं घरांतील वडीलधाऱ्यांनीं तीन गोष्टी विचारून घ्याव्या. खेळ तबकडीवर संपूर्ण आहे काय? इंटरनेटवांचून तो चालतो काय? आणि खेळून झाल्यावर तो दुसऱ्यास देतां येतो काय? तिन्हींचें उत्तर होकारार्थी असेल, तर पूर्ण किंमत देण्यास हरकत नाहीं. उत्तर नकारार्थी असेल, तर तो खेळ भाड्यानें घेतला असें समजून, भाड्याला शोभेल इतकेंच मोल द्यावें आणि सवलतीची वाट पाहावी. डाउनलोडमध्येंहि भेद आहेतच. पोलंडमध्यें 2008 सालीं सुरू झालेलें 'जीओजी' हें दुकान खेळाची फाइल कुलपावांचून देतें. ती स्वतःजवळ साठवून ठेवितां येते.

नव्या सोयीशीं वैर धरण्याचें कारण नाहीं. पण भाड्याच्या घराला कोणी स्वतःचें घर म्हणत नाहीं, आणि घरमालकहि तसें भासवीत नाहीं. खेळ विकणारांकडून एवढ्याच सचोटीची अपेक्षा आहे. आणि ती पुरी होईपर्यंत हा भेद ध्यानांत ठेवणें घेणाराच्याच हिताचें आहे.