आधी झोप, मग सामान : घरच्या व्हॅनचा कॅम्पर

मी वडोदऱ्याहून बोलतेय. तुमच्यापैकी कुणी इंदूरला असाल, कुणी हैदराबादला, कुणी बेळगावला. पण सुट्टी लागली की गाडी काढून गावाकडे निघायचं, हे आपलं सगळ्यांचं सारखंच.

माझी आई ७४ वर्षांची, गुडघे धरलेले. प्रवास म्हटला की ती आदल्या रात्रीपासून पाणी पिणं कमी करायची. वाटेत स्वच्छतागृह मिळेल का आणि तिथं खाली बसता येईल का, एवढीच तिची धास्ती. हळूहळू तिनं येणंच सोडलं. म्हणून आम्ही आमच्या पाच आसनी व्हॅनमध्ये घरच्या घरी झोपायची सोय केली. ती कशी केली, ते सांगते.

आधी कायदा. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार कंपनीने दिलेल्या मूळ रचनेत मालकाला मनासारखा बदल करता येत नाही. २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानंही हे स्पष्ट केलं. म्हणजे छत कापणं, आसनं कायमची काढणं, हे विसरा. आम्ही गाडीला एकही भोक पाडलं नाही. जे आहे ते सगळं ठेवायचं आणि उचलायचं. सोमवारी गाडी पुन्हा पाच आसनी!

आता बेड. आपण जमिनीपासून वर मोजतो आणि खाली सामानाला भरपूर जागा ठेवतो. मग गादीवर बसलं की डोकं छताला लागतं. आम्ही उलटं केलं. आईला बसवलं, डोक्यावर चार बोटं मोकळी सोडली, आणि तिथून खाली मोजत आलो. गादीची जाडी वजा केली, उरली ती बेडची उंची. सामानाला मिळेल तेवढी जागा.

सुतारकाका म्हणाले, १९ मिमी प्लाय लावू, मजबूत होईल. पण ६ बाय ४ फुटांची तशी फळी साधारण २६-२७ किलोची होते. १२ मिमीची १७ किलो. आम्ही १२ मिमीचीच घेतली, तिचे तीन तुकडे केले आणि खाली आधाराच्या पट्ट्या जवळजवळ दिल्या. एकेक तुकडा सहा किलोच्या आत. मी एकटी उचलते. आणि हे सगळं पट्ट्यांनी घट्ट बांधायचं. जोरात ब्रेक मारला की सुटा डबा आणि सुटी फळी थेट पुढच्या माणसाच्या मानेवर येते.

वीज. हिशेब कागदावर मांडा. २५ वॅटचा पंखा आठ तास म्हणजे २०० वॅट-तास. दिवा आणि दोन फोन धरून २६०. १२ व्होल्ट, १०० अँपिअर-तासांच्या लिथियम बॅटरीत सुमारे १२०० असतात. दोन-तीन रात्री आरामात निघतात. त्यावर इंडक्शन शेगडी मात्र चालवू नका, तासाभरात बॅटरी बसेल. आणि फ्यूज बॅटरीच्या अगदी जवळ हवा. लांब बसवला तर मधली वायर उघड्यावर पडल्यासारखीच.

आता जिवाचं बोलते. एसीसाठी इंजिन चालू ठेवून बंद गाडीत झोपू नका. एका रात्रीसाठीही नाही. धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, झोपलेला माणूस उठतच नाही. गॅसची शेगडीही आत पेटवायची नाही. स्वयंपाकाचा गॅस हवेपेक्षा जड, गळला तर खाली, आपल्या बेडपाशीच साठतो. आम्ही चहा बाहेर करतो. रात्री समोरासमोरच्या दोन काचा दोन बोटं उघड्या ठेवतो, त्यावर मच्छरदाणीची जाळी चुंबकांनी लावतो. हवा खेळते, आणि श्वासाच्या वाफेनं सकाळी काचा ओल्या होत नाहीत.

राहिलं शेवटचं. सर्जिकल दुकानात घडीची कमोड खुर्ची मिळते. बेडच्या पायथ्याशी तिची जागा ठरलेली आहे, भोवती जाड पडदा ओढता येतो. सगळ्या गाडीत सगळ्यात साधी वस्तू हीच. पण ती आल्यापासून आई वाटेत पाणी पिते. मागच्या वेळी नर्मदाकाठी नारेश्वरला गेलो, तेव्हा तिनंच म्हटलं, "शहाळं घेऊ या का गं?"

तुम्हाला करायचं असेल तर प्लाय आणायच्या आधी पुठ्ठे आणा. जुने खोके कापा, चिकटपट्टीनं जोडा, गाडीत बेड मांडून बघा. मग सोसायटीच्या पार्किंगमध्ये एक रात्र त्या मापात खरोखर झोपा. आणि घरात ज्याला सगळ्यात जास्त अडचण होते, त्याला सोबत घ्या. माप त्याच्या हिशेबानं घ्या, बाकीच्यांना ते आपोआप पुरतं.